मनोऱ्यापलीकडचं हॉटेल

"आधी तू," म्हणत ताईने कोळंबीची बशी त्याच्यापुढे सरकवली.

पर्यटकांची रीघ लागणाऱ्या मनोऱ्याच्या पलीकडच्या अंगाला तापासचं, म्हणजे छोट्या बश्यांतल्या स्पॅनिश पदार्थांचं, हे नवं हॉटेल उघडलं होतं. अलीकडच्या अंगाला त्यांचं स्वतःचं, तेही तापासचंच. मालकीण ताई, आचारी धाकटा भाऊ. एकदा शत्रूच्या घरी जेवून येऊ, असं ताईच म्हणाली होती. ही आपली परीक्षा आहे, याबद्दल त्याला शंका नव्हती.

सर्दीची ती साथ घरातून फिरून गेली, तेव्हापासून त्याला वास येत नव्हता. जिभेला खारट, आंबट, गोड एवढंच कळे. बाकी लसूण काय आणि साबण काय, सारखेच. ताईला कळलं असतं तर स्वयंपाकघर हातचं गेलं असतं. म्हणून रोज प्रत्येक पदार्थाचा चमचा तो तिच्यापुढे धरायचा. ती "झकास" म्हणाली की बश्या बाहेर.

त्याने कोळंबी तोंडात टाकली आणि डोळ्यांनी चव घेतली. लसणाच्या कडा काळपट होत्या.

"लसूण करपवलाय."

ताईने एक तुकडा चघळला. "अगदी. करपलाच आहे. आणि बटाटे?"

बटाट्यांचा रंग जुन्या वहाणेसारखा होता. "तेल बदललेलं नाही यांनी."

"तेच म्हणणार होते मी."

वेटरने येऊन विचारलं, "सगळं ठीक ना?"

"याला विचारा," ताई म्हणाली. "आमच्या घरात जीभ याची. मी नुसती गल्ल्यावर बसते."

वेटर हसून गेला. खिडकीबाहेर मनोरा बघायला आलेल्यांची रांग कोपऱ्यावरून वळली होती.

"यांचं असलं खपतं ते त्या रांगेमुळे," तो म्हणाला. "माणसं एकदाच येतात, फोटो काढतात, पुढ्यात येईल ते खातात नि विमान पकडतात. तक्रार करायला परत कोण येतंय?"

ताई हसली नाही. तिने हात पुसले.

"चल, पास झालास."

"म्हणजे परीक्षाच होती."

"होती रे. आता निर्धास्त झाले. निदान तुझं नाक तरी शाबूत आहे. माझं त्या साथीत गेलं ते परत आलंच नाही. तू रोज चमचा पुढे धरतोस, आणि मी आपली झकास म्हणून मोकळी होते."