बिननावाचं मत

"हे मत आहे तरी कोणाचं?" सूचीकार बाई स्वतःशीच म्हणाल्या. पेन कार्डावर टेकलं होतं आणि हात पुढे सरकत नव्हता.

पुस्तकाच्या शेवटी सूची असते, कोणती गोष्ट कोणत्या पानावर सापडेल ते सांगणारी. ती करून देणं हे बाईंचं काम. विद्वान मंडळी आठशे पानं हसत हसत लिहितात, पण सूचीचं नाव काढलं की त्यांना दरदरून घाम फुटतो आणि मग बाईंची आठवण होते. बाईंचा एक नियम होता. मत ज्याचं असेल त्याच्या नावाच्या कार्डावर जायचं. नाव नाही, तर नोंद नाही. मोठमोठ्या लेखकांनी यावर वाद घातले होते आणि मुकाट्याने नावं आणून दिली होती.

हे पुस्तक प्राध्यापकांचं होतं. ज्या नामवंतांनी आत्महत्या केली त्यांच्याबद्दलचं, आणि आत्महत्येविषयी विचारवंतांनी आजवर काय काय म्हटलं त्याबद्दलचं. तीन आठवडे बाई त्यात गळ्यापर्यंत बुडाल्या होत्या. दुपारी जेवण झालं की खुर्चीतच डोळा लागायचा आणि कार्डांवरची माणसं खोलीत यायची. राजाचा म्हातारा सल्लागार खिडकीशी उभा राहून सांगायचा, निघून जाता येणं हेच खरं स्वातंत्र्य. धर्मपंडित त्याच्यावर तुटून पडायचा. जे आपण घडवलं नाही ते मोडणारे आपण कोण? मग एक वैद्य घसा खाकरायचा आणि म्हणायचा, अहो, हा विचार नव्हे, हे दुखणं आहे, दुखण्यावर इलाज करायचा असतो. कवयित्री कोपऱ्यात वहीत काहीतरी लिहीत बसायची. तिची धाकटी बहीण दारातच थांबायची. तिला पुस्तकात जेमतेम पंधरा ओळी मिळाल्या होत्या, आणि त्या वाचताना बाईंना रडू आलं होतं. उन्हाचा चौकोन फरशीवरून हळूहळू सरकत राहायचा. जाग आल्यावर बाईंना चुटपुट लागायची, की एवढी माणसं आली आणि आपण चहासुद्धा विचारला नाही.

आज स्वप्नातल्या त्या मंडळींत प्राध्यापकही येऊन बसले होते. कोट घडी करून मांडीवर ठेवलेला. बाई दचकून जाग्या झाल्या, तोंडावर पाणी मारलं आणि शेवटचं प्रकरण पुढे ओढलं.

त्यात सात पानं अशी होती, की बाई अडल्याच. एका थकलेल्या माणसाचं मत होतं ते. आपलं काम संपलं, आता आपल्या असण्यानसण्याने कोणाचं काही अडत नाही. मांडणी सुरेख होती. नाव मात्र कुठेच नव्हतं. बाईंनी सातही पानं पुन्हा वाचली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. आधीच्या वीस प्रकरणांत प्रत्येक मताला कोणी ना कोणी उत्तर दिलं होतं, कधी भांडून, कधी हात जोडून. या माणसाशी कोणीच बोललं नव्हतं.

दारावरची घंटा वाजली. दारात खुद्द प्राध्यापक होते.

"संदर्भांची यादी द्यायची राहिली होती," ते म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, चेहरा कधी नव्हे इतका शांत. निघता निघता, अगदी सहज म्हणाले, "आणि हो, शेवटचं प्रूफ मला पाठवू नका. माझ्या ताईचा पत्ता आणि नंबर लिहिलाय यादीच्या मागे. ती बघेल."

बाईंनी यादी उलटून मागचा पत्ता पाहिला. शेवटचं प्रूफ दुसऱ्याच्या हाती सोपवणारा लेखक त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. एकाने तर हॉस्पिटलच्या खाटेवरून, हाताला सलाइन लावलेलं असताना, एका स्वल्पविरामासाठी फोनवर तासभर हुज्जत घातली होती.

"सर, जरा थांबा. एक नाव राहिलंय." त्यांनी सात पानं पुढे केली. "हे कोणाच्या कार्डावर घालू?"

प्राध्यापकांनी पानांकडे पाहिलं. "तिथे नाव नको, बाई. राहू द्या तसंच."

बाई उभ्याच राहिल्या. हा या विषयातला सगळ्यात मोठा अधिकारी माणूस. सभागृहं भरतात त्याच्या व्याख्यानांना. आपण सूची करणाऱ्या. चुकलो तर हसं होईल, प्रकाशकाचं कामही जाईल. बाईंना मनापासून भीती वाटली. पण दारात उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहून त्याहून मोठी भीती वाटली, आणि मग आडवळण न घेता त्यांनी सरळच विचारलं.

"सर, तुमच्या मनात जीव द्यायचा विचार आहे का?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला. तो पुसायला रुमाल शोधला, तो खिशातच होता, तरी सापडेना. मग ते स्टुलावर मटकन बसले.

"हो," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्या हातातून चष्मा काढून घेतला आणि टेबलावर ठेवला. "बरं झालं सांगितलंत. आता मी तुम्हाला एकट्याला सोडत नाही. ताईंना बोलावू आणि आपण तिघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ. चालेल?"

त्यांनी मान हलवली. बाईंनी यादीच्या मागचा नंबर पाहून फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. प्राध्यापकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"चौतीस वर्षं, बाई," ते म्हणाले, "चौतीस वर्षं लोक मला या विषयावर प्रश्न विचारतायत. हा कोणी विचारलाच नव्हता."