अतामी नको

"अतामीच," इसोको म्हणाली आणि समाधीच्या दगडावर तिनं डावभर पाणी ओतलं. "हॉटेल पण तेच घ्या. तिथल्या लोकांना त्याची खोली ठाऊक आहे."

तो म्हणजे इसोकोचा धाकटा भाऊ, नोबुएचा नवरा. आज त्याला जाऊन तीन वर्षं झाली, म्हणून मोठी बहीण, बायको आणि मुलगा असे तिघं देवळामागच्या टेकडीवर आले होते. दगड घासायचा, उदबत्ती लावायची, मग खाली उतरून गरम नूडल्स खायच्या. मार्चमध्ये हिगानच्या, म्हणजे पितरांच्या दिवसांच्या सुट्टीत कुठं जायचं तेही इथंच, हात ओले असतानाच ठरायचं.

तेत्सुरोनं फोन आईपुढं धरला. गुणी मुलगा. आईला विचारल्याशिवाय काही करायचा नाही, फक्त विचारायच्या आधी ठरवून ठेवायचा.

"आई, अतामी आहेच. नाहीतर शिमोदा, अगदी समुद्रकाठी. नाहीतर शुझेंजी, गरम पाण्याची कुंडं आहेत. तिन्ही जवळ. हिगानला सकाळी बाबांच्या दगडाला पाणी घालायचं आणि दुपारी निघायचं. तू सांगशील ते."

"मला अबाशिरीला जायचंय," नोबुए म्हणाली.

इसोकोचा डाव हवेतच राहिला. अबाशिरी म्हणजे जपानच्या पार उत्तरेला, होक्काइदो बेटाचा गारठलेला किनारा.

"अगं, वसंत आला की माणसं उबेला जातात. तू बर्फात कशाला कडमडायला चाललीस?"

"समुद्रावरून बर्फ वाहत येतो ना तिकडं, तो बघायचाय."

"हिगानपर्यंत तो राहतोच असं नाही, आई," तेत्सुरो फोनमध्ये बघत म्हणाला. "आपण जाऊ आणि तो आधीच निघून गेलेला असेल."

"मग कुठून गेला ते बघीन."

तेत्सुरोला हसू फुटलं. आत्याचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं.

"त्याला थंडी सोसायची नाही," इसोको म्हणाली.

"मला सोसते की. ताई, लग्न झाल्यापासून दर वसंतात मी अतामीच्या त्या खोलीत बसून त्यांची साके गरम करत आले. समुद्र बघितला तो त्यांच्या खांद्यावरून."

"आणि हिगान? पितरांच्या दिवसांत तू इथं नाहीस म्हणजे लोक काय म्हणतील? तुझं नाव आहे या दगडावर!"

होतं खरं. नवऱ्याच्या नावाला लागूनच नोबुएचं नाव कोरलेलं होतं. मागं राहिलेल्या बायकोचं नाव तेव्हाच कोरून घेतात आणि ती जिवंत आहे म्हणून अक्षरांत लाल रंग भरतात. ती गेली की लाल खरवडून टाकायचा, झालं. दगडवाल्याला पुन्हा बोलवायला नको, ही इसोकोची सूचना. नोबुए त्या वेळी आत पाहुण्यांना चहा देत होती. तिला कळलं ते एकदम दगड उभा राहिल्यावर. तेव्हा ती काही बोलली नाही. पण संतापली होती, आणि तो संताप आजवर जराही निवला नव्हता.

"मेल्यावर मी कुठं जायचं ते तुम्ही ठरवलंत, ताई. मला विचारलंसुद्धा नाहीत. आता जिवंतपणी चार दिवस कुठं जायचं ते मी ठरवणार."

"म्हणजे तुला त्याच्यापाशी यायचंच नाही म्हण की!"

"यायचंय ना, कायमचं यायचंय. तोवर राहू दे त्यांना चार दिवस एकटं. सवय होईल."

इसोको डाव बादलीत आपटून उभी राहिली. तेत्सुरो दोघींच्या मधे आला.

"बरं, बरं. अबाशिरी तर अबाशिरी. मी येतो सोबत. दोन तिकिटं काढू ना, आई?"

"एक काढ. तू आत्याला अतामीला ने. त्यांना आवडतं."

त्यानं आईकडं पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. त्यानं मान खाली घातली आणि फोनवर बोट फिरवायला लागला. भाचाही आईचंच ऐकतोय, हे इसोकोला फारच लागलं. तिनं ओल्या बोटानं नोबुएच्या नावावरून रेघ ओढली.

"बघ, लाल उडालाय सगळा. हिगानच्या आधी भरून घेऊ म्हणणार होते मी. पण आता कशाला? तुझं वय काय, माझं वय काय. किती दिवसांसाठी भरायचा! राहू दे तसाच."

नोबुएनं पर्स उघडली, लिपस्टिक काढली, गुडघे मोडून दगडासमोर बसली आणि रुमालानं अक्षरं कोरडी केली. मग पहिल्या अक्षराच्या खाचेत लिपस्टिक टेकवून जोर देऊन ओढली. फार भडक रंग होता. खाच खोल होती, कांडी भराभर झिजत होती. तिनं कडा सोडली नाही की कोपरा सोडला नाही. सगळी अक्षरं भरून झाली तेव्हा नवऱ्याचं नाव शेजारी करडं, विझल्यासारखं दिसत होतं.

"वेड लागलंय का तुला?" इसोको म्हणाली. "आणि तिकडं बर्फात तुझं काही बरंवाईट झालं म्हणजे?"

नोबुए गुडघ्यावर हात टेकून उठली.

"तर बोलवा दगडवाल्याला, खरवडू दे. तोवर याला कुणी हात लावायचा नाही."