नीगार्ड सरांचं मत

तिन्ही पुस्तकांना लोरेननं स्वतः खाकी कव्हरं घातली होती. नावाची पानं क्लिपा लावून बंद केली होती. वर फक्त आकडे: एक, दोन, तीन.

"विद्यार्थिनी होतीस तेव्हा एवढी टापटीप असती," टेबलाशी बसत नीगार्ड सर म्हणाले, "तर कुठल्या कुठे पोचली असतीस."

"पोचलेच की, सर. तुमच्या खुर्चीत."

"तेच म्हणतोय. फार लांब नाही गेलीस."

दोघंही हसली. लोरेनचं हसू जरा लवकरच आटपलं.

अमेरिकेतल्या डलूथच्या त्या मेडिकल कॉलेजात हा नियम सरांनीच घालून दिला होता. मुलांसाठी पुस्तक निवडायचं ते लेखकाचं नाव झाकून. तिघांनी बघायचं, दोन मतं पडतील ते घ्यायचं. नावाला भुललं की लेखक गब्बर होतो आणि मुलं नापास होतात, असं सर म्हणायचे. ते निवृत्त झाले तरी तिसरं मत त्यांचंच राहिलं.

यंदा निवड होती शरीररचनेच्या अॅटलासची. तोही चित्रांचा नव्हे, फोटोंचा. खऱ्या मृतदेहांचे फोटो असलेला. आणि पंचाईत अशी, की दोन नंबरचं पुस्तक सरांचंच होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्यात घातली होती. कॉलेजात आजवर तेच चालायचं. पण आता मुलं अडखळत होती. ते पाठ करून वॉर्डात जायची आणि स्कॅन समोर आला की नुसती बघत बसायची. झालेल्या दोन मतांपैकी लोरेनचं तीन नंबरच्या नव्या पुस्तकाला पडलं होतं; दुसरं, सरांचं पुस्तक ओळखलेल्या एका सहकाऱ्याचं, निव्वळ मायेपोटी दोन नंबरला.

सरांना यात ओढायला नको, हे लोरेनला कळत नव्हतं का? पण नेमकं याच वेळी बोलावलं नाही, तर तुमचं पुस्तक काढतोय असं तोंडावर सांगितल्यासारखंच झालं असतं. त्यांची बायको सिग्ने गेल्यापासून त्यांना होतं काय, तर हे पुस्तक. तेही त्यांच्याच हातून बाद करवायचं? लोरेनला गेल्या आठवड्यात धड झोप लागली नव्हती.

आशा एवढीच, की सर ओळखणार नाहीत. नव्या प्रकाशकानं त्यांच्या पुस्तकाची मांडणी पार बदलली होती. सरांची नजरही अधू झाली होती. भिंगाखाली येईल तेवढा तुकडा दिसे, बाकी सगळं धूसर.

तिनं वेलचीचा पाव कापून कॉफीशेजारी ठेवला.

"लाच आहे का ही?" सरांनी विचारलं.

"कुठल्या नंबरसाठी?"

"ते तू सांगू नकोस. माझाच नियम मोडशील." त्यांनी पावाचा मोठा तुकडा तोंडात टाकला आणि एक नंबर उघडला. दहा मिनिटांत मिटला. "लग्नाच्या अल्बमसारखं आहे हे. सगळं चकचकीत. असं स्वच्छ शरीर मी जन्मात पाहिलं नाही. पुढचं दे."

लोरेननं दोन नंबर पुढे सरकवला आणि उगाच खिडकीशी गेली. खाली सरोवराकाठी कुणीतरी कुत्र्याला फिरवत होतं.

सर फार वेळ घेत होते. सुरुवातीच्याच पानांतल्या एका हाताच्या फोटोवरून भिंग हलेना. तिनं न राहवून विचारलं, "दिवा जवळ आणू?"

"नको गं. दिसतंय."

मग पानं उलटू लागली. हृदय, मान, गुडघा. सर मधेच मान डोलवत, मधेच नाक मुरडत.

"कारागीर मेहनती आहे," अखेर ते म्हणाले. "नस कुठे तोडलेली नाही. पण सगळे एकाच गावचे गोरे म्हातारे दिसतात. मुलांच्या पेशंटमध्ये बायका असतील, काळी-सावळी माणसं असतील, त्यांनी काय करायचं? आणि स्कॅन एकही नाही. माणूस मागे राहिला बिचारा. तिसरं बघू."

तिसऱ्यात प्रत्येक फोटोशेजारी त्याच भागाचा स्कॅन होता. सरांनी चारदोन पानं पाहिली, भिंग खाली ठेवलं.

"हे घ्या. तीन नंबर."

"नक्की ना, सर?" लोरेननं पेन उचललंच नाही. "परत एकदा दोन नंबर..."

"पहिल्या वर्षी तू फुप्फुसाला यकृत म्हणालीस, तेव्हा मी तुला परत एकदा विचारलं होतं?"

"होतं. तीनदा."

"मग सुधारलीस ना! माझं मत तीन. लिही."

तिनं लिहिलं. सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. या माणसानं तिला हातात सुरी धरायला शिकवलं होतं, आणि तिनं त्याला फसवून त्याच्याच पुस्तकावर काट मारून घेतली. त्यांना कोट चढवून देताना तिला त्यांच्याकडे बघवेना.

"थंडी आहे, मी घरी सोडते."

"सोड की. उरलेला पावही दे बांधून." टोपी घालता घालता सर टेबलाकडे वळले. चाचपडत त्यांनी दोन नंबरचं पुस्तक उचललं आणि काखेत धरलं.

"अहो, ते कशाला? तुम्हीच तर बाद केलंत ना?"

"मुलांसाठी बाद केलं," सर म्हणाले. "पहिल्या धड्यातला तो जिवंत हात सिग्नेचा आहे. तिला इथे एकटीला कशी ठेवून जाऊ?"