परतीचा पेला

काझुमा आजही गाडीतून उतरला नाही.

यासोजी ओकाबायाशीने छोट्या ट्रकचं दार उघडून धरलं, दोनदा हाक मारली. पण पोराने काचेला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले. पोर कसलं, एक्केचाळीस वर्षांचा बाप्या तो. हा तिसरा रविवार. जपानच्या शिकोकू बेटावरच्या डोंगरातून दीड तास ट्रक हाकत शहरात यायचं आणि सभागृहाच्या दारात येऊन अडायचं. दारू सोडणाऱ्यांच्या या मंडळाचा पत्ता डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिला, तेव्हा काही आडपडदा ठेवला नव्हता. पुन्हा रक्ताची उलटी झाली तर मुलगा हातचा जाईल, असं तोंडावर सांगितलं होतं.

"तुम्हीच जा, बाबा," काझुमा डोळे न उघडता म्हणाला. "परक्यांची रडारड ऐकायला मी कशाला हवा?"

यासोजी एकटाच जिना चढला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पोटच्या पोराला गाडीतून उतरवता येऊ नये, याची त्याला पायरीपायरीला लाज वाटत होती.

वर टेबलाभोवती पंधराएक माणसं होती, काही जोडीने आलेली. मंडळाचे प्रमुख निशिमोरी पूर्वी बस चालवायचे; त्यांची दारू सुटून एकोणीस वर्षं झाली होती. किटलीतून सगळ्यांना चहा ओतायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. इथे घरच्या माणसांनाही बोलायची पाळी येते. कुणी मध्ये विचारत नाही, कुणी शहाणपण शिकवत नाही. मागचे दोन रविवार यासोजी मूग गिळून बसला होता. आज निशिमोरींनी त्याचं नाव घेतलं, तसा तो उठून उभा राहिला.

माझा मुलगा पितो, मी नाही, अशी त्याने सुरुवात केली आणि तिथेच अडला. मग टेबलाकडे बघत एकदम बोलू लागला.

"तो विशीचा झाला त्या वर्षी, गावच्या जत्रेच्या जेवणात, माझा पेला मीच त्याच्या हातात दिला. त्याने एका दमात संपवला, कड पुसली आणि भरून मला परत दिला. थेंब सांडला नाही. आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. थोरल्याचा पेला रिकामा परत करायचा नसतो. सगळी पंगत वाहवा करत होती. माझी छाती ही एवढी फुगली. पोरगा गडी झाला, असं गावभर सांगत सुटलो."

त्याने टेबलाची कड धरली.

"आज सकाळी त्याचे हात इतके कापत होते, की बुटाच्या नाड्या बांधता येईनात. इथे तर आणायचं होतं. म्हणून मीच ओतली. अर्धा पेला."

एका बाईने रुमाल नाकाला लावला. निशिमोरी नुसते मान हलवत राहिले. कुणीतरी उठून शिव्या घातल्या असत्या, तर यासोजीला हलकं वाटलं असतं.

तो खाली बसला. पुढ्यातला चहा तसाच होता. हा खाली गाडीत नेला तर चालेल का, असं त्याने हळूच विचारलं. निशिमोरींनी किटली उचलून पेला काठोकाठ भरला.

"न्या," ते म्हणाले. "पेला मंडळाचा आहे. परत आला पाहिजे."

जिन्यात गरम चहा यासोजीच्या बोटांवर सांडला, पण त्याने हात बदलला नाही. काझुमाने काच खाली केली. यासोजीने दोन्ही हातांनी पेला आत धरला, जत्रेत धरला होता तसाच.

काझुमा पेल्याकडे बघत राहिला. बापाच्या हातचा पेला त्याने जन्मात कधी नाकारला नव्हता. त्याने तो घेतला. कड दातांवर वाजत होती, थोडा चहा शर्टावर गेला, पण त्याने तळापर्यंत संपवला. मग आपसूक त्याचा अंगठा कडेवरून फिरला आणि पेला पुढे आला.

अर्ध्यात हात थांबला. त्याने शेजारच्या सीटवर पाहिलं, पायाशी पाहिलं. ओतायला काहीच नव्हतं.

"रिकामाच देतोस?" यासोजीने विचारलं.

काझुमाचा पेला हवेतच राहिला. यासोजीने तो घेतला नाही. त्याने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

"किटली वर आहे."

मग काझुमाने पेला छातीशी धरला आणि दुसऱ्या हाताने दाराची कडी चाचपू लागला. ती त्याच्या बोटांत नीट येत नव्हती. या खेपेला यासोजीने दार उघडून दिलं नाही. तो पाठीमागचे हात घट्ट आवळून तसाच उभा राहिला.