लांब बाही

मुलीचे वडील बाहेर जायला तयारच नव्हते. शेवटी सिस्टरने आवाज चढवून त्यांना खोलीबाहेर काढलं आणि दार लावलं.

मुलगी सात-आठ वर्षांची. तपासणीच्या खाटेवर अंग चोरून बसलेली. गालावर जांभळा डाग, आणि एवढ्या उकाड्यातही लांब बाह्यांचा फ्रॉक.

"काय झालं, बाळा?"

"पडले."

"कुठे?"

"जिन्यात." मुलीची नजर दारावर होती.

जिन्यात पडलेल्या पोराचे गुडघे फुटतात, हे कळायला सिस्टरला पुस्तक लागत नव्हतं. हिचे गुडघे धड होते. इथे चूक झाली तर पोर त्याच माणसाचा हात धरून घरी जाणार. तिनं मुलीची बाही वर सारली. दंडावर चार बोटं उमटली होती.

"हे कुणी केलं?"

मुलगी रडू लागली, अजिबात आवाज न करता. सिस्टरने फोन उचलला. "आज तू घरी जायचं नाहीस," ती म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं. वडील टाळ्या वाजवत आत आले.

पडद्यामागे बसलेल्या बाकीच्या सिस्टरही टाळ्या वाजवत बाहेर आल्या. बालसंरक्षणाच्या प्रशिक्षणाचा शेवटचा तास असा संपला. वडील झालेले सर हेच त्यांचे प्रशिक्षक, आणि मुलगी त्यांची स्वतःचीच. परक्याच्या मुलाला उगाच कशाला घाबरवायचं, असं ते सकाळीच म्हणाले होते.

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. नाटक आहे हे ती पार विसरली होती. मैत्रिणींनी तिला मनसोक्त चिडवलं. एकीनं मुलीचा दंड न्याहाळला आणि रंगवलंय मात्र हुबेहूब, अशी सरांना शाबासकी दिली. सर हसले.

त्यांनी सिस्टरची एकच चूक काढली. "जखम गालावर होती. बाही कशाला वर केलीत? मुलाच्या अंगाला हात लावण्याआधी त्याला विचारायचं असतं."

सिस्टर ओशाळली. म्हणणं रास्तच होतं.

रंग घरी जाऊन धुऊ, असं सर म्हणत होते, पण शंका विचारणाऱ्यांनी त्यांना घेरलं. पोरीनं असं तोंड घेऊन रस्त्यानं जायचं हे सिस्टरला बरं वाटेना. तिनं मुलीला शेजारच्या ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि ओल्या कापसानं गाल पुसला. कापूस जांभळा झाला, गाल स्वच्छ निघाला.

"छान काम केलंस हं. मी तर खरंच घाबरले होते."

"नाटक संपलं?" मुलीनं विचारलं.

"संपलं की."

पलीकडून सरांचं हसणं ऐकू आलं, तशी मुलीनं मान खाली घातली.

या वेळी सिस्टरने आधी विचारलं. "बाही वर करू?"

मुलीनं दाराकडे पाहिलं. मग हळूच हात पुढे केला.

सिस्टरने नवा कापूस भिजवला आणि चार बोटांवरून फिरवला. एकदा हलक्या हातानं, मग जरा जोर देऊन. मुलगी कळवळली.

कापूस पांढराच राहिला.