अठ्ठ्याण्णव टक्के

अपघातात दृष्टी गेल्यापासून मृणालिनीबाईंना चष्म्यातलं ग्राफिक्स कार्डच जग दाखवत असे. आज कार्ड तापल्याचा इशारा मोबाइलवर आला, तसा त्यांचे पती वामनरावांनी सेवाकेंद्राला फोन लावला.

"वापर अठ्ठ्याण्णव टक्के दाखवतंय."

"काकू गेम खेळत असतील, काका. एरवी कॅमेऱ्यातलं दिसतं, गेममध्ये सगळं चित्र कार्डालाच काढावं लागतं. एवढा वापर नॉर्मल आहे."

"गेम नाही. ती गॅलरीत नुसती बसलीय."

पलीकडचा तरुण म्हणाला, "मग तिथं नसलेलं काहीतरी ते काढतंय. चष्मा बंद करा."

वामनराव गॅलरीत गेले. त्याच अपघातात गेलेल्या लेकीचं नाव घेत मृणालिनीबाई रिकाम्या खुर्चीशी हसून बोलत होत्या.

चष्म्याच्या बटणाकडे नेलेला हात वामनरावांनी मागे घेतला आणि ते बायकोशेजारी बसले.

"शाल्मलीनं आज कुठला ड्रेस घातलाय गं?"