डाळीच्या डब्यातली बाटली

मॉर्फिनची बाटली आठ दिवस मी डाळीच्या डब्यात लपवून ठेवली होती. "थोडंसंच द्यायचं, धाप कमी होईल," असं डॉक्टरीणबाई परत परत सांगत होत्या. पण माझ्या थोरल्या दिरांना कॅन्सरमध्ये हेच औषध दिलं आणि चौथ्या दिवशी ते गेले.

आमच्या ह्यांनी तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, मशिनच्या आवाजावर आवाज चढवून बोलले. फुप्फुसं खराब झाल्यापासून दोन शब्दांतच दम संपतो. आज सकाळी तर 'पाणी' म्हणतानाही मधेच थांबले.

मग मी बाटली काढली. सांगितलं तेवढंच मोजलं, पण पाजताना चमचा त्यांच्या दातांवर वाजला.

तासाभरानं खांद्यांचं वरखाली होणं थांबलं. डोळे मिटले. घरातली ती शांतता मला सोसेना. तळहात नाकाशी धरला, काही कळेना. आणखी जवळ नेला, अगदी टेकवलाच.

"आधी तो हात काढ!" डोळे न उघडताच हे खेकसले. "वर्षभरानं जरा श्वास मिळतोय, तर तूच नाक दाबून बसलीस!"

एवढं सगळं एका दमात बोलले.